गोधनाचं पिवळं फूल

हातमोजे मिळाले ते तिसऱ्या दुकानात, आणि तेही गवंड्यांचे. एवढे ढगळ की राखीची दोन बोटं त्यातल्या एका बोटात मावली असती. पण बावीस जोड होते, आणि सकाळी साडेआठला आर्णीत उघडं असलेलं दुकान तेवढं एकच. टेकडीवरच्या बायका दोन दिवसांपासून तळहात पुढे करत होत्या. कॉसमॉस उपटून उपटून हातांची सालं निघाली होती. "तू शिकलेली हायेस बाई, आमच्या हाताचं काही तरी पाह्य," असं बबिताकाकू काल म्हणाली होती. त्यात निम्मं कौतुक होतं आणि निम्मा टोमणा. राखीला दोन्ही कळायचे, आणि दोन्हींची आता सवयही झाली होती. तांड्यातली पहिली बीएस्सी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

मोज्यांचं पोतं स्कूटीवर पायाशी ठेवताना फोन वाजला. आभा मॅडम होत्या. यवतमाळच्या कॉलेजात त्या वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. राखी त्यांचीच विद्यार्थिनी, आणि तांड्याच्या टेकडीवरचं तण काढायचं काम त्यांनीच मंजूर करून आणलेलं. कुणाच्या तरी बागेतून सुटलेलं ते केशरी-पिवळं परदेशी कॉसमॉस चार वर्षांत टेकडीभर माजलं होतं आणि गुरांचं गवत त्याने गिळून टाकलं होतं. भाद्रपदात राखीने टेकडी वावभर-वावभर पालथी घातली, कुठे काय उगवलंय ते लिहिलं, प्रत्येक ठिकाणचं एकेक रोपटं मुळासकट वर्तमानपत्रात दाबून मॅडमकडे पाठवलं, आणि काय उपटायचं त्याची यादी केली. यादीखाली सही तिचीच होती. ती सही करताना तिला झालेला आनंद ती कुणाला सांगणार नाही, पण झाला होता.

"राखी, अकरा नंबरचा नमुना कुठला गं?"

"खडकाळ उतारावरचा, मॅडम. तांड्याच्या वर, मुरमाच्या जुन्या खदानीला लागून. कॉसमॉस आहे तो."

"कॉसमॉस तू लिहिलंयस. मी ते गठ्ठे आत्ता सोडले, उशीर माझाच आहे. तू याचं मूळ पाहिलंस?"

राखीला मूळ आठवलं. बाकीची रोपं दोन बोटांनी निघाली होती, ह्याला खुरपं लागलं होतं. "जाड होतं. जमीन दगडाची आहे, म्हणून तसं झालं असेल असं वाटलं."

मॅडम चिडल्या की आवाज चढवत नसत, हळू बोलत. आता त्या फारच हळू बोलत होत्या. "कॉसमॉस एका पावसाचं झाड. उगवतं, फुलतं, मरतं. त्याचं मूळ दोऱ्यासारखं. ह्याच्या बुडाशी लाकूड आहे राखी. मागच्या वर्षीच्या वाळलेल्या दांड्यांचे खुंट आहेत, त्याखाली त्याच्या आधीच्या वर्षीचे. भिंगाखाली मी आठ वर्षं मोजली, पुढे मोजता येईनात. हे इथलं झाड आहे, वर्षानुवर्षं जगणारं. मी आजवर जिल्ह्यात कुठे पाहिलेलं नाही. तो उतार यादीतून काढ. आज काम कुठे चाललंय?"

"त्याच उतारावर."

"मग फोन कर त्यांना."

"वर रेंज नाही, मॅडम."

मग मॅडम म्हणाल्या, "नीघ."

तांडा अठरा किलोमीटर. बायका सात वाजता हात घालतात, उन्हं चढायच्या आत उरकायला बघतात. उपटलेलं सगळं खदानीच्या खड्ड्यात जातं, आणि तिथे कालपासून आग धुमसत होती, कारण कॉसमॉसचं बी पडलं की दोन दिवसांची मेहनत मातीत गेली. ही आगीची शिस्तही राखीनेच घालून दिलेली. 'उपटलं की लगेच जाळायचं, ढीग साठवायचे नाहीत.' तिचंच वाक्य आता तिच्या कानात वाजत होतं.

गावाबाहेर पडल्यावर तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. त्या उतारावर फुलतं तरी काय? भाद्रपदात तिथे फूल नव्हतं, नुसती शेपूसारखी कातरलेली पानं. कॉसमॉसची पानंही कातरलेलीच. तिने फोटो काढला, पुस्तकातल्या फोटोला लावून पाहिला आणि लिहून मोकळी झाली. पण दिवाळीत? दिवाळीत त्या उतारावर कोण जातं?

आणि मग तिला कळलं. तिने ब्रेक दाबला नाही, पण हात आपोआप ढिला झाला आणि स्कूटी रस्त्याच्या कडेला गेली.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, अजून नीट उजाडलेलंही नसतं तेव्हा, तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली गाणी म्हणत रानात जातात. फुलं आणतात आणि घरोघरच्या दारात शेणाच्या गोळ्यांचं गोधन मांडलेलं असतं त्यात ती खोवतात. बाकी फुलं कुठलीही चालतात, पण एक बारीक पिवळं फूल लागतंच. ते फक्त त्या उतारावर मिळतं. राखी सहा वर्षांची होती तेव्हापासून तिथे जात होती. अंधारात, थंडीत, एकमेकींना ढकलत, कुणाची ओढणी आधी भरते या शर्यतीत. नुसती बोंडं खुडायची आणि पळायचं. चौदा दिवाळ्या तिने ते फूल खुडलं होतं आणि एकदाही खाली पाहिलं नव्हतं. त्याचं पान कसं, खोड कसं, ते बाकीचं वर्ष काय करतं, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. परगावचं कुणी असतं तर त्याने निदान चौकशी केली असती. हिला वाटलं, आपल्याला सगळं माहीत आहे.

सोयाबीन काढणीचे दिवस, दिवाळी आठवड्यावर आलेली. पुढच्या वळणावर थ्रेशर लावलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून उभा, चौघे जण पट्टा बसवत होते. "पाच मिनिटं ताई," एक जण म्हणाला. वऱ्हाडातली पाच मिनिटं म्हणजे काय ते राखीला ठाऊक होतं. तिने स्कूटी बांधावरून तुरीच्या दोन ओळींमधल्या तासात घातली. पोतं खाली पडलं, मोजे तुरीत पसरले. तिने वळूनही पाहिलं नाही. मागून तो माणूस काही तरी ओरडला, बहुधा तुरीबद्दल.

तांड्यात पोचली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. स्कूटी तांड्याच्या नायकाच्या ओट्याशी टाकून ती चढायला लागली. वरून धूर दिसत होता. पांढरा, जाड, ओल्या पाल्याचा. ओला पाला म्हणजे आजचा पाला. तिने भाद्रपदापासून रोज चढलेली ती वाट आज संपता संपेना.

उतार यायच्या आधीच बबिताकाकू समोरून आली, डोक्यावर रिकामी टोपली, तोंडभर हसू. "आली का व? मोजे आनले? आता कायले पाह्यजेत म्हना. सकाळच्या थंडाव्यातच तुया उतार साफ करून टाकला. पाह्य जाऊन, एक काडी नाही ठेवली."

राखीने पाहिलं. खरंच एक काडी नव्हती. काळ्या खडकाच्या लाद्यांमधून लाल मुरूम उघडा पडलेला, आणि त्यात जागोजाग हातभर खड्डे. कॉसमॉसला खड्डे पडत नाहीत. बायकांनी ही मुळं कुदळीने खणून काढली होती, नीट, निगुतीने, कारण यादीत 'मुळासकट' असं लिहिलेलं होतं.

ती धावत खदानीशी गेली. खड्ड्याच्या काठावर हिरव्या पाल्याचा कंबरभर ढीग, आणि वनरक्षक भारत लांब दांड्याच्या काट्याने त्यातला पाला आगीत ढकलत होता. भारत वाईट माणूस नव्हता. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचं आणि संध्याकाळी साहेबाला फोटो पाठवायचा, एवढ्यावर त्याची नोकरी नीट चालली होती.

"भारतभाऊ, थांबा. टाकू नका आता."

"काहून?"

"हा उतार उपटायचा नव्हता."

त्याने काटा टेकवला आणि खिशातून घडीचा कागद काढला. "यादीत तं हाये. पाह्य, अकरा नंबर. आन खाल्ती सही तुयीच हाये. मी जाळू नाही म्हनतं तं मले दुसरा कागद दे. साहेबानं इचारलं तं मी काय दाखवू?" आणि बोलता बोलता सवयीने त्याने काट्यावर आणखी एक पेंडी उचलली.

राखी काट्याच्या आणि आगीच्या मध्ये उभी राहिली. पाठीला धग लागत होती. बायका एकेक करून गोळा झाल्या होत्या, तांड्यातल्या आणि खालच्या गावातल्या, बावीस जणी. ह्यातल्या निम्म्यांनी तिला उघडी-नागडी खेळताना पाहिलं होतं, आणि गेल्या दोन वर्षांत ह्याच बायका तिला विचारल्याशिवाय मुलांच्या शाळेचा अर्ज भरत नव्हत्या. तिला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"मी चुकली," ती म्हणाली.

"काय?" भारतला आगीच्या तडतडीत ऐकू आलं नव्हतं.

एकदा म्हणणं कठीण, दुसऱ्यांदा त्याहून. "मी चुकली. हे तण नाही. मले ओळखता नाही आलं. यादी चुकीची हाये."

मग बबिताकाकूने टोपली खाली ठेवली. "म्हंजे मंग आमी सकाळपासून केलं काय?"

"आपलं गोधनाचं फूल उपटलं, काकू."

राखीने भारतच्या हातून कागद घेतला, मांडीवर धरून अकरा नंबरवर काट मारली, बाजूला 'चूक माझी' लिहिलं, खाली सही आणि वेळ टाकली. भारतने ते दोनदा वाचलं. मग काटा मातीत खुपसला, आगीच्या काठाचा पाला पायाने मागे ओढला आणि म्हणाला, "अर्धं तं गेलं बाई आतमंदी." त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि त्याने राखीला अधिकच लाज वाटली.

राहिलेल्या ढिगात दोन्ही मिसळलेलं होतं. उताराच्या कडेचं कॉसमॉसही बायकांनी त्यातच टाकलेलं. पानं कोमेजून दोन्हींचा सारखाच चोथा झाला होता, कळ्या कुस्करून गेल्या होत्या. वरून आता मॅडमनासुद्धा ओळखता आलं नसतं. राखीने हात घातला, एक रोपटं ओढलं, उलटं धरलं. दोऱ्यासारखं पांढरं मूळ. फेकलं. दुसरं. काळपट, अंगठ्याएवढं, गाठी-गाठींचं, वर जुन्या काड्यांचे खुंट. तिने ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"वरून पाहू नका. मूळ पाहा. असं लाकडासारखं असंल ते इकडं, ओल्या पोत्यावर. बारीक मुळाचं तिकडं. लवकर करा, वाळलं तं गेलं."

बायकांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बावीस जोडी हात ढिगात शिरले, सोललेले, चिंध्या बांधलेले. प्यायच्या पाण्याचे डबे पोत्यांवर ओतले गेले. कुणी तक्रार केली नाही, आणि राखीला वाटत होतं की कुणी तरी करावी.

चार टोपल्या भरल्या. बबिताकाकूने पहिली उचलली आणि उताराखालच्या सपाटीवर नेली, तिथे माती भुसभुशीत होती, खणायला सोपी. "लावा मंग इथं भराभर."

"तिथं नाही."

सुखीबाई बोलली. राखीची दादी. सत्तरीची, हातात कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या, कामावर यायची गरज नसताना रोज येणारी. ती खडकाच्या टोकाला बसून होती आणि राखी आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. आता ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि उतारावर चालायला लागली. काळी लादी जिथे संपते आणि मुरूम सुरू होतो, तिथे ती थांबली. मावळतीकडून ऊन लागणार नाही अशा अंगाला, दगडाच्या पोटाशी. टाचेने तिने खूण केली.

"इथं. दगडावरचं दव रातभर इथंच उतरते. मोकळ्या मातीत ते कुजते." दोन पावलं गेली. "इथं." पुन्हा दोन. "इथं एक नको, दोन लावा. इथं दोन होते."

बायका तिच्या मागून लावत गेल्या. राखी शेवटची टोपली घेऊन मागे होती. तिसऱ्या-चौथ्या खुणेनंतर तिचे हात थांबले. पुस्तकात 'आढळ' म्हणून ज्याची एक ओळ असते, ते दादी टाचेने लिहीत होती, आणि एकही खूण चुकत नव्हती. कुठे एक होतं आणि कुठे दोन, हे तिला माहीत होतं. ज्याला एवढं माहीत आहे त्याला सकाळी हातात काय आलं ते कळलं नसेल?

"दादी," ती हळूच म्हणाली. "तुले ओळखू आलं होतं?"

"हो."

"मंग थांबवलं काहून नाही?"

सुखीबाई खाली बसली. एक मूळ हातात घेऊन तिने खाचेत उभं केलं, मुरूम लोटला, अंगठ्याने दाबला. "बाया थांबल्या होत्या. बबिता म्हने, हे तं आपलं फूल हाये, राखी येऊ द्या, इचारू." तिने दुसरं मूळ घेतलं. "मी म्हनलं, इचारायचं काय त्यात? पोरीनं शिकून लिहलं हाये. आपन तिच्याहून शायने झालो काय? आज एक शब्द मोडला तं उद्या कोनी तिचं ऐकनार नाही."

"दादी..."

"तरी कोनी हात घालेना. मंग पयलं मीच उपटलं."

राखी मातीतच बसली. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. दादीने तिच्याकडे पाहिलं नाही, नुसती टोपली आपल्याकडे ओढून घेतली आणि लावत राहिली, कारण ऊन चढत होतं.

दुसऱ्या दिवशी आभा मॅडम आल्या, गाडीत पाण्याचे कॅन घेऊन. रागावल्या नाहीत. उतारावर दोन तास ओणव्या होऊन फिरल्या, दादीला प्रश्न विचारले, दादीने दिलेली उत्तरं वहीत लिहिली. राखीने सकाळ-संध्याकाळ खालून पाणी वाहिलं. तिसऱ्या दिवशी पुष्कळ रोपं काळी पडली. चौथ्या दिवशी आणखी. तिला झोपेतही मुळंच दिसायची.

गोधनाच्या पहाटे नऊ मुली निघाल्या. राखी त्यांच्याबरोबर गेली, तिचंही लग्न व्हायचं होतं. गाणं नेहमीचंच होतं, पण उतार जवळ आला तसं ते आपोआप बारीक झालं. ह्या वर्षी कुणी कुणाला ढकललं नाही. फटफटायला लागेपर्यंत त्या लादीशी उभ्या राहिल्या आणि मग दिसायला लागलं. तिनातलं एखादं रोपटं तग धरून होतं. त्यातल्या काहींवर फूल होतं, बारीक, पिवळं, एका काडीवर एक. सगळी मिळून एक ओंजळही भरली नसती.

मुलींनी राखीकडे पाहिलं. सगळ्यांत पुढे होती ती म्हणाली, "ताई, तोडायचं का?"

उत्तर राखीच्या ओठांवर होतं. तोडायचं नाही. बी धरू द्यायचं, एवढं तर पुस्तकात स्पष्ट आहे. फुलं राहिली की बी, बी राहिलं की उतार. आणि दारोदारचं गोधन ह्या वर्षी त्या फुलाशिवाय राहिलं असतं, आणि तेही तिच्याच शब्दावर.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. "दादीले इचारा."

कॉलेजातून आल्यापासून हे वाक्य तिच्या तोंडून तांड्यात कुणी ऐकलं नव्हतं. मुली वळल्या. सुखीबाई वाटेच्या खाली होती, काठी टेकत, धापा टाकत चढत होती. लग्नानंतर पंचावन्न वर्षांत ती ह्या पहाटे इथे कधी आली नव्हती. वर आल्यावर तिने फुलांकडे पाहिलं, मग राखीकडे.

"ज्याच्यावर दोन कळ्या असतीन त्याचं एक तोडा," ती म्हणाली. "एकच असंल त्याले हात लावू नका. नखानं तोडा, ओढू नका, मुळानं अजून जीव धरला नाही." मग ती लादीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली. "आन राखी, तू इथं बस. कोनतं कोन्या वर्षी उगवलं ते सांगतो तुले. लिहून घे."

राखीने वही आणली नव्हती. ती दादीशेजारी खाली बसली, फुलाला हात न लावता वाकली, आणि पहिल्यांदा त्याची पानं नीट पाहिली.